कुंपणावरचं दुपटं

नेदरलँड्समधल्या न्यूनेनला लेकीच्या घरी येऊन मला आठवडाही झाला नव्हता, आणि एका दुपारी तिच्या बेडरूममधून धुराचा वास आला. उदबत्तीचा नव्हता आणि सिगारेटचाही नव्हता. वाळका पाला जळावा तसा गोडसर, जड वास. माझं नाक साधंसुधं नाही. सरकारी खात्यात अन्नभेसळ तपासण्यात मी जन्म घालवला आहे. हळदीत काय मिसळलंय हे प्रयोगशाळेच्या आधी माझं नाक सांगायचं. जिन्यात उभी राहून मी पुन्हा एकदा वास घेतला. या देशात काय काय उघड्यावर विकलं जातं हे पुण्यात शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मुलीला नववा लागलेला, आणि आत तिचा नवरा, माझा आयरिश जावई, दार लावून काहीतरी पेटवून बसला होता.

मी दार वाजवलं. आत कुजबुज झाली, खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग मुलगी म्हणाली, "आई, येतेच मी खाली. चहा ठेवशील का जरा?"

चहा ठेवशील का. किती किराणा दुकानदारांनी मला असाच चहा पाजून गोदामाच्या दारापासून लांब नेलं होतं, त्याची गणती नाही. मी खाली गेले, चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत माझी खात्री पटली की या घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

माझ्या संशयाला कारण होतं, ते आधीच सांगून टाकते. आदल्या वर्षी तिचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं. मला ते कळलं महिन्याभराने. त्या सबंध महिन्यात ती दर रविवारी व्हिडिओ कॉलवर यायची, हसायची, थंडी किती आहे ते सांगायची. मी विचारायचे, "पोट ठीक आहे ना?" ती म्हणायची, "हो आई." पोटात काही उरलं नव्हतं तेव्हाही ती मला "हो आई" म्हणत होती. शेवटी जावयाने फोन करून सांगितलं, अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते.

म्हणून या वेळी विमानात बसतानाच मी ठरवलं होतं. काही बरंवाईट असेल तर ते मला मुलीच्या तोंडून कळायला हवं, आणि तेव्हाच्या तेव्हा. बाळंतपण इथल्या पद्धतीने घरात करा, सायकलवरून येणाऱ्या सुईणीकडून करा, मी जीभ आवरीन. हाउसआर्ट्स म्हणजे यांचा फॅमिली डॉक्टर. तो कशालाही पॅरासिटामॉल देऊन परत पाठवतो, तेही चालवून घेईन. फक्त मला आंधळी कोशिंबीर खेळायला लावू नका. एवढंच मागणं होतं, पण ते मी बोलून दाखवलं नव्हतं. मागून मिळालेली माहिती माझ्या खात्यात कधीच खरी धरत नसत.

धुरानंतर मी डोळे उघडे ठेवले आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. सुईणबाई आल्या की तपासणी वरच्या खोलीत, दार बंद. मी जिना चढले की आतलं इंग्रजी एकदम डच व्हायचं. मुलगी सकाळ-संध्याकाळ हॉलमध्ये जमिनीवर पडून कमरेखाली उशांचा ढीग घालायची, पाय वर, डोकं खाली. मी विचारलं, हे कसलं खूळ? तर म्हणे, "पाठीसाठी गं आई." इथे घरी बाळंतपण करायचं तर पलंग उंच करावा लागतो. त्यासाठी आणलेले लाकडी ठोकळे मागच्या शेडमध्ये तसेच पडून होते, आणि ते पलंगाखाली कधी लावणार असं विचारल्यावर जावई त्याच्या निळ्या डोळ्यांनी छताकडे बघायला लागला. वाईट खोटं बोलणारा माणूस आहे तो. एरवी मला ते आवडतं.

रात्रीचं जेवण झालं की मी पुण्याला ह्यांना फोन करायचे. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून ते येऊ शकले नव्हते. मी सगळं सांगितलं, धूर, उशा, ठोकळे. ते म्हणाले, "अगं, तू रिटायर झालीस. आता पोरीला शिरा करून घाल आणि गप्प बस." शिरा मी केलाच होता. गप्प बसणं माझ्या हातात नव्हतं.

त्यात जानेवारीच्या शेवटी विहीणबाई आल्या.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खेड्यात राहतात. माझ्याच वयाच्या, उंच, हात लालबुंद, बोलताना अर्धे शब्द गिळतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर स्वतःच हसतात. बॅगेत लोणी, ओटचं पीठ आणि लोकरीची एक भलीमोठी शाल. मी विचारलं, बाळंतपणाला अजून अवकाश आहे, आत्ताच कशा काय? तर म्हणाल्या, सण आहे ना, ब्रिजिदचा. यंदा तो इथे करायचा, सगळ्यांनी मिळून.

हा सण मी कधी ऐकला नव्हता. आयरिश म्हटलं की हिरव्या टोप्या घालून बिअर पितात तो दिवस, एवढंच मला माहीत. जावयाने समजावलं की ब्रिजिद ही त्यांची संत, फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी तिचा सण असतो, गाईगुरांची, दुधाची आणि चुलीची ती राखणदार. लग्नाला चार वर्षं झाली, एकदाही या घरात ही ब्रिजिद आली नव्हती. यंदाच कशी आली? आणि सांगताना त्याने यादीतली एक गोष्ट गाळली हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने आईकडे बघितलं, आईने मुलीकडे, आणि मुलगी म्हणाली, "आई, बटाटे सोलायचेत, येतेस?"

आदल्या दिवशी, म्हणजे एकतीस तारखेला, जावई सायकल घेऊन गावाबाहेरच्या पाण्याकडे गेला आणि कॅरिअरला लव्हाळ्याची मोळी बांधून आला. ती कापायची नाहीत म्हणे, उपटायची. नळाखाली धुवा आधी, असं मी सांगितलं, तर विहीणबाई हसल्या आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसल्या. त्या लव्हाळ्याच्या काड्या दुमडत, एकीत एक अडकवत, चार हातांचा एक क्रूस विणत होत्या. मी म्हटलं, अरे, हे तर आपलं स्वस्तिकच. मुलगी चटकन म्हणाली, "आई, इथे तो शब्द नको, प्लीज. लोक वेगळंच समजतात." मी मग तोंड मिटून एक विणला. विहीणबाईंपेक्षा सुबक झाला, हे त्यांनीही कबूल केलं. पण विणता विणता त्या माझ्या मुलीच्या पोटाकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मला आवडली नाही. मी ती नजर ओळखते. दूध नासलंय की नाही याचा अंदाज घेताना बाई तशी बघते.

दुपारी मी बाळाचे कपडे लावत होते. ऑफिसात नेसलेल्या माझ्या जुन्या सुती साड्या फाडून मी दुपटी शिवून आणली होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली, की बाजारातलं कुठलंही कापड त्यांच्यापुढे खरखरीत वाटावं. त्यातलं पिस्ता रंगाचं दुपटं गठ्ठ्यात नव्हतं. सगळं कपाट उपसलं. मुलीला विचारलं. "असेल गं इथेच," ती म्हणाली आणि मान खाली घातली. विहीणबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी एकदम चष्मा पुसायला घेतला.

संध्याकाळी सण सुरू झाला. त्यांची रीत अशी, की घरातल्या लेकीने लव्हाळी घेऊन बाहेर जायचं आणि दार ठोठावून मला आत घ्या म्हणायचं. आतल्यांनी ये, ये, तुझं स्वागत आहे असं म्हणायचं. मी स्पष्ट सांगितलं, पोटुशी बाई तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर जाणार नाही, थंडीत तर नाहीच. मुलीने ती लोकरीची शाल गुंडाळली आणि गेली. माझं कोणी ऐकत नाही हे मला नवीन नव्हतं. तिने बाहेरून दार वाजवलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. आत जावई आणि विहीणबाई चक्क गुडघ्यांवर बसले. मी खुर्चीवरच राहिले. गुडघ्यांचं निमित्त होतंच. आणि मग दाराआडून मुलीचा आवाज आला, इंग्रजीत, दार उघडा, ब्रिजिदला आत येऊ द्या.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे गौरी आणताना हेच. दारात थांबवून विचारायचं, गौर कशाच्या पावलांनी आली? सोन्या-रुप्याच्या पावलांनी आली. लहानपणी हीच मुलगी परकर सावरत तांब्यातल्या खड्यांच्या गौरी घेऊन दारात उभी राहायची. मी पुटपुटले बहुतेक, कारण विहीणबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. मला लगेच स्वतःचा राग आला. दुकानदार असा घरगुती बोलायला लागला की समजावं, आता काहीतरी खपवणार.

मग जेवण. कोबी घालून घोटलेले बटाटे, मधे खळगा करून त्यात लोण्याची विहीर. मी हिरवी मिरची मागून घेतली, जावयानेही घेतली. भाकरीसारख्या जाड ब्रेडचा एक तुकडा विहीणबाईंनी खिडकीबाहेर कट्ट्यावर ठेवला, त्या संतीणबाईंसाठी. नैवेद्य मला समजतो, पण आमचा नैवेद्य झाकलेला असतो. उघड्यावरचं अन्न म्हटलं की माझा हात अजून पावतीपुस्तकाकडे जातो. तरी सगळे खूश होते. मुलगी तर किती दिवसांनी पोट धरून हसली, जावयाने त्याच्या लहानपणीची मेंढी घरात शिरल्याची गोष्ट सांगितली तेव्हा. मीही हसले. मला वाटलं, कदाचित ह्यांचंच बरोबर असेल, कदाचित काही नसेलही.

जेवणानंतर बटाट्याची सालं हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला मी मागच्या दाराने बाहेर गेले. डबा कुंपणाशी असतो. शेजारच्यांच्या दिव्याचा उजेड झुडपांवर पडला होता आणि त्या उजेडात, कुंपणाच्या फांदीवर नीट पसरून, माझं पिस्ता रंगाचं दुपटं होतं.

वाऱ्याने उडून गेलेलं नव्हतं. चारही टोकं फांद्यांत खोचलेली होती. कोणीतरी मुद्दाम, विचारपूर्वक ते तिथे ठेवलं होतं.

मी विज्ञानाची पदवीधर आहे. करणी, भानामती, उतारा, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आमच्या घरात दिवेलागणीच्या आत बाळाचं फडकं दोरीवरून आत येतं म्हणजे येतं. का, असं विचारलंत तर आम्ही दव पडतं, किडे बसतात असं काहीबाही सांगतो, आणि खरं कारण मनात ठेवतो. अजून जन्माला न आलेल्या बाळाचं दुपटं, माझ्या कपाटातून न विचारता काढलेलं, काळोखात झुडपावर. मुलगी म्हणाली होती, असेल इथेच. विहीणबाईंनी चष्मा पुसला होता.

मी ते काढलं, पदराखाली घेतलं आणि कोणाला न दिसता वर गेले. बेसिनमध्ये कढत पाण्यात घातलं, पुण्याहून आणलेल्या जंतुनाशकाचं झाकणभर ओतलं, दोन्ही हातांनी खसाखसा चोळून धुतलं. माझ्या खोलीतल्या हीटरवर वाळवलं, इस्त्री केली आणि गठ्ठ्यात ठेवलं, अगदी खाली. बोलले काहीच नाही. ही माझी जुनी पद्धत. नमुना ताब्यात घ्यायचा, सील करायचा, आणि शांतपणे दुकानदाराकडे बघत बसायचं. ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो सकाळपर्यंत आपणहून हलतो.

सकाळी अजून उजाडलं नव्हतं. तिकडे त्या दिवसांत आठ वाजले तरी अंधारच असतो. खालून मागचं दार उघडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर विहीणबाई, गाऊनवर कोट, पायांत गमबूट, हातात मोबाईलचा दिवा, कुंपण चाचपत होत्या. वर पाहिलं, खाली पाहिलं, मग चक्क जमिनीवर बसून झुडपाच्या बुंध्याशी हात घातला. मी मनात म्हटलं, शोधा.

पण मग जावई धावत बाहेर आला, त्यानेही शोधलं, आणि सायकल काढून मागच्या गल्लीत गेला, वाऱ्याने कुठे गेलंय का बघायला. मी खाली आले तेव्हा मुलगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. दोन्ही हात पोटावर, आणि रडत होती. आवाज न करता, खांदे हलत होते नुसते. असं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी ती अशीच रडली असेल, महिनाभर, माझ्या नजरेआड.

माझी पद्धत तिथेच संपली. मी वर गेले, दुपटं आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "हे घे. मी काढलं. एवढं काय आहे त्या फडक्यात?"

विहीणबाई मागच्या दारातून आत आल्या. त्यांनी ते हातात घेतलं, नाकाला लावलं. "धुतलंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"धुतलं. इस्त्रीसुद्धा केली," मी म्हटलं. "न विचारता माझी वस्तू घेऊन तुम्ही काय करत होतात ते आधी सांगा."

त्या माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत बसल्या, गमबुटांसकट, आणि मुलीला म्हणाल्या, "आता तरी सांग तिला. मी आल्यापासून हेच म्हणतेय ना? तिची आई आहे ती."

हे माझ्या हिशेबात नव्हतं. चोर म्हणून मी जिच्यावर नजर ठेवली होती तीच माझी वकिली करत होती. मुलगी मान हलवत राहिली, मग एकदम म्हणाली, "बाळ उलटं आहे, आई. पायाळू. डोकं वर आहे, खाली येतच नाहीये."

मग सगळं बाहेर आलं. उशा त्यासाठी, बाळाने कोलांटी घ्यावी म्हणून. तो धूर म्हणजे सुईणीने सांगितलेली एका पाल्याची कांडी, जावई रोज ती तिच्या पायाच्या करंगळीजवळ धरायचा. त्यानेही बाळ वळतं म्हणतात. ठोकळे लागणारच नव्हते, कारण घरी बाळंतपण रद्द झालं होतं. मंगळवारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर पोटावरून हाताने बाळ वळवायचा प्रयत्न करणार होते. आणि दुपटं कशाला, तर ब्रिजिद ही बाळंतिणींचीही राखणदार. तिच्या सणाच्या आदल्या रात्री कापड बाहेर ठेवलं तर ती जाता जाता त्याला हात लावते, आणि ते कापड अडलेल्या बाईच्या कामी येतं, अशी विहीणबाईंच्या गावची समजूत. जावयाने गाळलेली गोष्ट ती हीच. कापड हवं होतं ते मायेचं, म्हणून मुलीने माझंच दिलं.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू विचारतेस, आई." तिचा आवाज चढला. "लास्ट टाइम तुला कळल्यावर तू रोज फोन करायचीस. काय खाल्लं होतंस? पपई खाल्लीस का? सायकल चालवलीस का? ऑफिसमध्ये किती वेळ बसलीस? रोज. मला वाटायला लागलं माझ्याच हातून काहीतरी झालं. डॉक्टर सांगत होते कोणाचीच चूक नाही, आणि तू कारण शोधत होतीस."

मला राग आला. आई विचारणार नाही तर कोण विचारणार? कारण कळलं तर पुढच्या वेळी टाळता येतं, एवढाच माझा हेतू. हे मी बोलणार होते. पण ती दुपट्याला नाक लावून रडत होती आणि त्या दुपट्याला माझ्या जंतुनाशकाचा वास येत होता. मी गप्प बसले. फार जड गेलं ते.

विहीणबाई म्हणाल्या, जाऊ दे, कापडाचं काय एवढं. पण त्यांचा चेहरा उतरला होता, मला दिसत होतं. मी विचारलं, आज रात्री परत ठेवलं तर? नाही, म्हणाल्या, ती एकाच रात्री येते. मी बाहेर पाहिलं. काळाकुट्ट अंधार होता. मी म्हटलं, "आमच्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, घड्याळाने नाही. तुमच्या संताला घड्याळ होतं का?"

विहीणबाईंनी यावर खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "नसावं."

आम्ही दोघी बाहेर गेलो. मी स्वेटरवर शाल, त्या गमबुटांत. कुंपणावर दव होतं, फांद्या हाताला बोचत होत्या. दुपटं पसरून आम्ही टोकं खोचली आणि शेडच्या पायरीवर बसलो, कारण मला ते नजरेआड करवत नव्हतं आणि विहीणबाईंना मला तिथे एकटी सोडवत नव्हतं. माझा विश्वास बसला होता अशातला भाग नाही. आणि विहीणबाईंबद्दलची शंका अजून पुरती गेली नव्हती. मुलगी हिच्याशी बोलते आणि माझ्याशी नाही, हे कुठेतरी टोचतच होतं. मी ते बोलले. त्या म्हणाल्या, "माझी स्वतःची मुलगी मला काहीच सांगत नाही. दुसऱ्याच्या आईला सांगणं सोपं असतं." शेजारच्यांचा कुत्रा आमच्याकडे बघून भुंकत होता. आकाश राखाडी झालं तसं आम्ही दुपटं काढलं, ओलं, थंडगार, आणि आत नेऊन मुलीच्या पोटावरून गुंडाळलं. जावयाने तोवर क्रूस दारावर ठोकले होते, माझा वर आणि त्याच्या आईचा खाली. मग आम्ही चौघांनी लोणी लावून ओटची भाकरी खाल्ली आणि मी वर साखर घातली. सण झाला एकदाचा.

मंगळवारी ती दोघं हॉस्पिटलला गेली. सोबत एकालाच नेता येतं, तो नवराच. मी आणि विहीणबाई जेवणाच्या टेबलाशी बसलो, समोरासमोर, दोघींचे फोन मधे ठेवून. मी माझ्या फोनकडे बघतच नव्हते. माझी नजर विहीणबाईंच्या फोनवर होती. मला पक्कं ठाऊक होतं कसं होणार ते. मुलगी नवऱ्याशी बोलेल, नवरा त्याच्या आईला फोन करेल, त्या उठतील, खिडकीशी जाऊन बोलतील, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून मला हळू आवाजात सांगतील. त्या फोनची काच जरा उजळली की मी खुर्चीत पुढे सरकायचे. एकदा लॉटरीची जाहिरात आली, एकदा त्यांच्या गावच्या हवामानाचा इशारा.

वाजला तो माझा फोन.

"आई," मुलगी म्हणाली, "नाही वळलं. परत परत ट्राय केलं त्यांनी. खूप दुखलं गं. बाळाचे ठोके नीट आहेत. पण आता सिझेरियनच करतील, नेक्स्ट वीक. डॉक्टर आत्ताच सांगून गेल्या, अजून मी बेडवरच आहे. मला खूप भीती वाटतेय, आई."

माझ्या तोंडात प्रश्नांची रांग लागली होती. कोणते डॉक्टर, किती वेळ, दाबलं कसं, दुसरं मत घेतलंत का. मी ते सगळे दातांमागे धरले. "मी ऐकतेय," म्हटलं. ती बोलत राहिली, मराठीत, रडत, मधेच नाक ओढत, शाळेतून पडून आल्यावर सांगायची तशी. बातमी वाईट होती आणि मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

फोन ठेवला. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांना कसलाच अंदाज येत नव्हता. त्या घरात पहिल्यांदाच मला काहीतरी माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. त्यांनी विचारलं, "वळलं ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की माझ्या मनात पटकन आलं, आत्ता नको. सण त्यांचा, श्रद्धा त्यांची, बिचारीला वाईट वाटेल. सगळं ठीक आहे म्हणू या, मुलं घरी आली की सावकाश सांगतील. शब्दसुद्धा तयार होता. "हो" एवढंच म्हणायचं होतं.

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, "नाही वळलं."